१४ किलोंच्या आधी

चि. मनूस,


तुला सिनेमात मोठं काम मिळाल्याचं ताईकडून कळलं आणि मन भरून आलं. मग रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोप उडाली. दुष्काळी गावातली, दुखण्यानं खंगलेली बाई. शूटिंगला सहा आठवडे. दिग्दर्शक म्हणतात १४ किलो उतरव. आणि तू सोमवारपासून रात्रीचं जेवण बंदही केलंस. काम सोड असं मी म्हणणार नाही. पण असं वजन उतरवू नकोस, हे आधीच स्पष्ट सांगते.

तुझं वजन ५४. त्यातले १४ गेले म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त शरीर गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं उपासमारीचा एक प्रयोग केला होता. ३६ धडधाकट तरुण, सगळे आपणहून आलेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांचं वजन साधारण पाव हिश्श्यानं उतरवलं. त्या मुलांना जेवणाखेरीज दुसरं काही सुचेनासं झालं. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. नाडी मंदावली, चिडचिड वाढली, माणसांत बसणं नको झालं, चित्त एका जागी ठरेना. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही सावरायला महिनोन्‌महिने गेले. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि २४ आठवड्यांत. तू तेवढीच घट सहा आठवड्यांत करायला निघालीस, तीही एकटीनं, भाड्याच्या खोलीत, यूट्यूबवरचा डाएट बघून.

आणि नटीला कॅमेऱ्यासमोर काय लागतं, याचा विचार कर. समोरचा बोलतो ते खरोखर ऐकू यायला हवं. दहाव्या टेकलाही पहिल्या टेकइतकं ताजं राहता यायला हवं. कंटिन्युइटी डोक्यात हवी, सहकलाकाराबद्दल माया हवी. उपासमार पहिला हात नेमका याच गोष्टींना घालते. खंगलेली बाई दिसण्यासाठी तू अशी अवस्था ओढवून घेणार, की त्या बाईचं दुःख दाखवण्याची ताकदच उरणार नाही. शिवाय तू मुलगी आहेस म्हणून उघड बोलते. एवढ्या झपाट्यानं वजन गेलं की पाळी बंद होऊ शकते, आणि ती बरेच दिवस बंद राहिली तर हाडं ठिसूळ होतात. पॅकअपनंतर त्याची चौकशी करायला युनिटमधलं कुणी येणार नाही.

ख्रिश्चन बेलचं उदाहरण तू दिलंस. खरं आहे, ‘द मशिनिस्ट’साठी (२००४) त्यानं जवळजवळ २८ किलो उतरवले आणि लगेच ‘बॅटमॅन बिगिन्स’साठी इतके चढवले, की पुन्हा थोडे कमी करावे लागले. पण पुढचंही वाच ना. ‘व्हाइस’साठी (२०१८) पुन्हा अंगावर वजन चढवल्यानंतर, आता हे बस्स, असं त्यानंच जाहीर सांगितलं. टॉम हँक्सनं २०१३ मध्ये आपल्याला टाइप २ मधुमेह झाल्याचं सांगितलं आणि भूमिकांसाठी वजन वरखाली केल्याचाही त्यात वाटा असू शकेल, असं तो स्वतः म्हणाला. मुलाखतींचे मथळे किलोंचे असतात. ही वाक्यं तळाशी कुठेतरी असतात.

मथळ्यांत आणखी एक गोष्ट येत नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अशा बदलांसाठी अनेकदा अख्खं युनिट थांबलेलं असतं. ‘रेजिंग बुल’मध्ये (१९८०) रॉबर्ट डी नीरोनं आधी मुष्टियोद्ध्याचं शरीर कमावलं, ते सगळं चित्रण उरकलं, मग काही महिने शूटिंग बंद ठेवलं गेलं. त्या काळात त्यानं इटली-फ्रान्समध्ये खाऊन खाऊन सुमारे २७ किलो वाढवले. ‘कास्ट अवे’साठी हँक्सला बारीक व्हायचं होतं, दाढी-केस वाढवायचे होते, म्हणून काम जवळजवळ वर्षभर थांबलं, दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसनं त्या मधल्या काळात दुसरा सिनेमा करून टाकला. ‘दंगल’मध्ये (२०१६) आमिर खाननं प्रौढ, सुटलेल्या महावीरसिंगचं काम आधी केलं आणि तरुणपणीच्या कुस्त्या शेवटी, वजन उतरवल्यावर. म्हणजे शूटिंगचा क्रमच त्याच्या शरीराप्रमाणे लावला गेला. बदलासाठी लागणारा वेळ, पैसा, माणसं निर्मात्यानं दिली होती. तुला काय दिलंय? एक तारीख आणि एक आकडा. ज्या सिनेमाला आहारतज्ज्ञाचा खर्च परवडत नाही, त्याला तुझे १४ किलो मागण्याचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शरीर बदलणं खोटं, असं मात्र मी मानत नाही. ‘नटरंग’ तू पाहिलायस. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा पैलवानी बांध्याचा गडी आहे आणि तमाशासाठी त्याला नाच्या व्हावं लागतं. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग तेच उतरवलं. ते तिथे हवंच होतं, कारण कथा त्या शरीराचीच आहे. पिळदार दंडाच्या माणसाला गाव काय म्हणतं आणि कंबर लचकवणाऱ्याला काय म्हणतं, हे प्रेक्षकाला एकाच माणसाच्या देहावर दिसायला हवं होतं. पण तुझ्या पटकथेत ही बाई पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत खंगलेलीच आहे. ती धडधाकट असतानाचा एकही प्रसंग नाही. मग प्रेक्षक तुलना कशाशी करणार? त्याला तुझे ५४ किलो माहीतच नाहीत. ते फक्त प्रसिद्धीच्या फोटोंत कळणार, डावीकडे आधीची तू आणि उजवीकडे नंतरची. तुझी भूक त्या फोटोसाठी खर्च होणार असेल, तर मला ते मान्य नाही.

आता तुझ्या वयाच्या बाईचं उदाहरण घे, आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडींचं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली ही तरुण अभिनेत्री रिचर्ड अॅटनबरोंच्या ‘गांधी’त (१९८२) कस्तुरबा झाली, तरुणपणापासून थेट म्हातारपणापर्यंत. त्या कामासाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा, म्हणजे बाफ्टाचा पुरस्कार मिळाला. ‘गांधी’नंतर दोन वर्षांनी ‘सारांश’. शिवाजी पार्कजवळ राहणारं निवृत्त मास्तर प्रधान आणि त्यांच्या पत्नी पार्वती यांचं ते वृद्ध जोडपं. एकुलता मुलगा न्यूयॉर्कमध्ये मारला गेलेला. अनुपम खेर तेव्हा २८ वर्षांचे होते आणि रोहिणीताईही तिशीच्या आसपासच्या. पांढरे केस, चष्मा, थोडी रंगभूषा एवढंच बाहेरून लावलेलं. बाकी सगळं कुठून आलं, हे शोधण्यासाठी तो सिनेमा या रविवारी दोनदा बघ. एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून. मुलाच्या अस्थी मागायला कचेरीत गेलेले प्रधान तुटतात, तेव्हा खेरांच्या पाठीचं काय होतं ते पाहा. घरातल्या भाडेकरू मुलीच्या पोटी आपला मुलगाच परत येणार, अशी आशा पार्वतीबाईंना लागते. ती आशा रोहिणीताईंच्या हातांत, बसण्या-उठण्यात कशी शिरते ते पाहा. वय त्यांनी वजनकाट्यावर मोजलेलं नाही. दमलेल्या माणसाला एखादी हालचाल सुरू करायला किती वेळ लागतो, तो वेळ त्यांनी शोधलाय. तुझ्या बाईचं खंगणं तुला तिथेच सापडेल. दुखणेकरी माणूस पाण्याचा तांब्या उचलण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघतो. बोलताना वाक्याच्या मधेच त्याचा श्वास संपतो. उठताना तो आधी हातानं भिंत शोधतो. आपल्या आजीला शेवटच्या वर्षात तू पाहिलंयस.

बाकी दिसण्याचं काम रंगभूषा आणि वेशभूषा यांचं आहे, आणि ती माणसं त्यासाठीच असतात. ‘डार्केस्ट अवर’मध्ये (२०१७) गॅरी ओल्डमन चर्चिल झाला तो वजन वाढवून नव्हे. काझुहिरो त्सुजी या जपानी कलावंतानं त्याच्या चेहऱ्याचे सिलिकॉनचे भाग घडवले, अंगाला फोमचा सूट चढवला. ओल्डमन रोज तीन-चार तास खुर्चीत बसायचा, आणि ऑस्कर दोघांनाही मिळालं. तुमच्याकडे ते बजेट नाही, मान्य. पण मराठी सिनेमा याबाबतीत गरीब नाही. रंगभूषाकार विक्रम गायकवाड मे २०२५ मध्ये गेले. ‘बालगंधर्व’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलं आज काम करतायत. तुमच्या रंगभूषाकाराला आजच भेट. गालाच्या हाडाखाली आणि गळ्याच्या खळगीत शेडिंग, ओठांवर कोरडेपणा, डोळ्यांखाली काळपट निळसर छटा, एवढ्यानं कॅमेऱ्यासमोर पुष्कळ किलो उतरतात. ड्रेसवालीला सांग, पोलकं खांद्यात आणि बाहीत सैल शिव, म्हणजे मूळचं अंग आटल्यासारखं दिसेल. बांगड्या तुझ्या मापाच्या नकोत, दोन-आठच्या घाल. हात वर केलास की कोपरापर्यंत घसरतील. कॅमेरामनला बाजूनं येणारा प्रकाश ठेवायला सांगता येईल. लुक टेस्ट माग. त्यात तू खंगलेली दिसलीस, तर १४ किलोंचा विषयच संपेल.

तरीही दोन-तीन किलो कमी हवेत असं सगळ्यांचं ठरलं, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घे, निर्मात्याकडून आहारतज्ज्ञ माग आणि ते करारात लिहून घे. शूटिंग संपल्यावर सावरायला लागणारे आठवडेही त्यातच लिही. कडक उपासानंतर एकदम भरपेट खाणं धोक्याचं असतं, रक्तातले क्षार बिघडतात, तेव्हा परतीची वाटही डॉक्टरच ठरवतील. उघड्या अंगाच्या दृश्याआधी दोन-तीन दिवस पाणी तोडण्याची जी टूम निघाली आहे, तिच्या वाटेला जाऊच नकोस, कुणीही सांगितलं तरी.

दिग्दर्शकांशी बोलताना घाबरू नकोस. ‘जमणार नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. लुक टेस्ट, चालण्याची तालीम, श्वासाचं काम, हे सगळं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहा. चांगला दिग्दर्शक असेल तर तो किलो विसरेल. एवढं पाहूनही तो आकड्यावरच अडला, तर त्याला भूमिकेपेक्षा बातमी हवी आहे असं समज आणि करारावर सही करण्याआधी मला फोन कर. मी स्वतः येते, आपण दोघी त्याच्याशी बोलू.

आणि आज रात्री जेव.

तुझी,
मावशी