माकिवारा : एक मुका गुरू

कराटे म्हणजे विटा फोडणे, अशी माझीही समजूत होती. ओकिनावा बेटावरील जुन्या साधनेत मात्र ‘माकिवारा’ला मोठा मान आहे. ‘माकी’ म्हणजे गुंडाळलेले आणि ‘वारा’ म्हणजे भाताचा पेंढा. जमिनीत घट्ट पुरलेली, छातीइतकी उंच लाकडी फळी. बुडाशी जाड, वर निमुळती, टोकाला पेंढ्याची दोरी गुंडाळलेली. ओकिनावाच्या शाळांत कराटे नेणारे इतोसु अंको यांनी १९०८ सालच्या पत्रात तिच्यावर शंभर-दोनशे ठोसे मारावेत असे सांगितले आहे.

ते वाचून मी पहिल्याच दिवशी शंभरी गाठली! कातडी सोलली, मनगट मुरगळले. आठवडाभर लेखणी धरवेना. दोष आकड्याचा नव्हता, माझ्या घाईचा होता. फळी जितकी लवते, तितकीच उलट रेटते. मनगट वाकडे असेल तर तो रेटा तिथेच अडतो. तर्जनी व मधले बोट यांच्या मुळाशी असलेले उंचवटे सरळ टेकले, तर तोच रेटा खांदा, कंबर यांतून टाचेपर्यंत पोचतो. म्हणून नवशिक्याने दोन्ही हातांनी दहा-दहा हलक्या ठोशांनीच आरंभ करावा.

हाताला घट्टे पडणे हे या साधनेचे फळ नव्हे. आपली चूक त्याच क्षणी आपल्याला कळणे, हे खरे फळ होय.