पुढील शॉकअपमधील तेलगळती

प्रश्न : दुचाकीच्या पुढील शॉकअपमधून तेल गळत आहे. सील बदलावेच लागेल का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : पुढील शॉकअपमध्ये, म्हणजेच फोर्कमध्ये, क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी नळी तेल भरलेल्या नळकांड्यात वरखाली सरकते आणि तिला घट्ट बिलगलेली ऑइल सीलची रबरी कड ते तेल आत रोखून धरते. सोलापूरसारख्या कोरड्या भागात बारीक धूळ वरच्या डस्ट सीलखालून शिरून या कडेत अडकते. म्हणून प्रथम डस्ट सील वर सरकवून, जुन्या एक्स-रे फिल्मची आकड्यासारखी कापलेली पट्टी नळीभोवती फिरवून कचरा काढावा. पुष्कळदा गळती एवढ्यानेच थांबते, त्यामुळे थेट सील बदलण्याची घाई अनाठायीच म्हणावी लागेल. गळती कायम राहिल्यास सील बदलावे, मात्र नळीवर गंजाचे खड्डे असल्यास नवे सीलही लवकरच फाटते. बारीक ओरखडे २००० क्रमांकाच्या ओल्या वॉटर पेपरने घासता येतात, खोल खड्डे पडलेली नळी बदलणेच इष्ट. सील दोन्ही बाजूंची एकदम बदलावीत व निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल दोन्हीकडे समान मापाने भरावे. ओघळ ब्रेकपर्यंत पोहोचला असल्यास डिस्क स्वच्छ करून तेलाने भिजलेले पॅड बदलेपर्यंत वाहन चालवू नये.