पाचर घट्ट का बसते?
मोटारीच्या बॉल जॉइंटमधील विज्ञान

स्टीलचे दोन पेले एकात एक घट्ट बसले, की ते सुटता सुटत नाहीत. प्रयोगशाळेतील बाटलीचे काचेचे बूचही कधीकधी असेच अडून बसते. मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींपुढेही नेमकी हीच अडचण उभी राहते. नट पूर्ण सैल केला, तरी बॉल जॉइंट जागचा हलत नाही. असे का बरे होते?

प्रथम बॉल जॉइंट म्हणजे काय ते पाहू. आपल्या खुब्यात उखळीचा सांधा असतो. मोटारीच्या पुढच्या चाकाजवळही तसाच सांधा बसवलेला असतो. पोलादी गोळा ग्रीस भरलेल्या वाटीत फिरतो, त्यामुळे चाक वरखाली होऊ शकते आणि वळूही शकते. गोळ्याला जोडलेला खुंटा चाक धरणाऱ्या भागाच्या, म्हणजे नकलच्या, भोकात बसतो. अडकतो तो गोळा नव्हे, हा खुंटा!

खुंटा सरळ नसून निमुळता असतो. भोकही तसेच निमुळते असते. सरळ खुंट्याभोवती थोडी तरी फट राहते आणि रस्त्यावरच्या धक्क्यांनी ती वाढत जाते. निमुळता खुंटा नटने आत ओढला की फट उरतच नाही. म्हणजेच तो एक गोल पाचर असतो.

आता थोडे गणित करू. समजा, १० मिलिमीटर लांबीत खुंट्याचा व्यास १ मिलिमीटरने बदलतो. मग एका बाजूचा उतार ०.५ भागिले १०, म्हणजे ०.०५ झाला. हा कोन सुमारे २.९ अंशांचा आहे. पोलादावर पोलाद घासताना घर्षण गुणांक ०.१५ धरू. उतार घर्षण गुणांकापेक्षा कमी असला, की पाचर आपोआप मागे सरकत नाही.

खुंटा आत ओढताना नटला उतार आणि घर्षण या दोन्हींवर मात करावी लागते. त्यांची बेरीज ०.२०. नटने २०,००० न्यूटन बलाने ओढले, तर भोकाच्या भिंतीवर एकूण २०,००० भागिले ०.२०, म्हणजे १,००,००० न्यूटन लंबबल येते. नकलचे पोलाद किंचित ताणले जाऊन खुंट्याला आवळून धरते. नट काढल्यावरही ही पकड तशीच राहते. खुंटा बाहेर काढताना मात्र उतार आपल्या बाजूचा असतो. म्हणून ०.१५ वजा ०.०५, म्हणजे ०.१०. लागणारे बल १०,००० न्यूटन, सुमारे १ टन वजनाइतके! गंज चढला असेल तर याहूनही जास्त.

हे बल आणायचे कोठून? खुंट्याच्या टोकावर हातोडा मारला तर आटे चेपतात. त्यासाठी स्क्रूचा पुलर वापरतात. त्याच्या आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर आणि पान्याची लांबी २० सेंटिमीटर धरू. एका फेरीत हात सुमारे १,२५६ मिलिमीटर फिरतो आणि स्क्रू फक्त १.५ मिलिमीटर पुढे जातो. हे गुणोत्तर सुमारे ८३७ आहे. आट्यांतील घर्षणामुळे यातील १५ टक्केच फळ हाती लागले असे मानले, तरी हाताच्या १०० न्यूटन बलापासून सुमारे १२,५०० न्यूटन मिळतात.

एवढ्यानेही खुंटा सुटला नाही, तर अनुभवी मिस्त्री पुलर ताणलेला ठेवून नकलच्या भोकाच्या कडेवर आडवा घाव घालतात. समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवलेला असतो. घावासरशी भोक क्षणभर लंबगोल होते, पकड ढिली पडते आणि खुंटा ‘टण्’कन सुटतो. बाटलीच्या अडकलेल्या बुचाभोवती लाकडाने हलके ठोकतात, त्यामागचे तत्त्व हेच.

दोन दातांची पाचर ठोकूनही सांधा सोडवता येतो, पण तिने रबरी बूट फाटतो. त्यामुळे जुना सांधा टाकूनच द्यायचा असेल तेव्हाच ती वापरावी. ज्योतीने तापवणे टाळावे. त्याने ग्रीस व रबर जळते आणि पोलादाचे गुणधर्म बदलू शकतात.

या कामात खरा धोका स्प्रिंगचा असतो. स्प्रिंगचा स्थिरांक दर मीटरला ३०,००० न्यूटन असेल आणि ती १० सेंटिमीटर दबलेली असेल, तर तिच्यात ½ × ३०,००० × ०.१ × ०.१ = १५० ज्यूल ऊर्जा साठते. १५ किलोग्रॅमचा दगड १ मीटर उंचीवरून पडावा, तेवढी ही ऊर्जा! म्हणूनच नट पूर्ण काढत नाहीत, काही आट्यांवर ठेवतात. खुंटा सुटला तरी भाग उसळत नाही. स्प्रिंगचा भार असलेल्या आर्मखाली जॅक लावतात, गाडी मजबूत स्टँडवर ठेवतात आणि डोळ्यांवर चष्मा चढवतात. हे काम जाणकाराचे आहे. विद्यार्थ्यांनी ते दुरूनच पाहावे.

करून पाहा : स्टीलच्या ताटाच्या सपाट भागावर नाणे ठेवून ताट हळूहळू तिरपे करा. नाणे ज्या कोनाला घसरू लागते, त्याचा टॅन्जंट म्हणजे घर्षण गुणांक. मग ताटाला तेलाचा हात लावून प्रयोग पुन्हा करा. एकात एक अडकलेले पेले मिळाले, तर आतल्या पेल्यात थंड पाणी ओता आणि बाहेरचा पेला कोमट पाण्यात धरा. काय होते आणि का, ते वहीत लिहा.