पांढरे बूट आणि तांबडी माती



पावसाळा सुरू झाला की बेळगाव-खानापूर भागातली तांबडी माती मैदानावरून थेट आपल्या कॅनव्हासच्या बुटांवर येते. कवायतीच्या आदल्या रात्री बहुतेक घरांत आईच ब्रश घेऊन मोरीत बसते. पाचवीपासून पुढच्या मुलामुलींना हे काम स्वतः करता येईल. मात्र आधी डाग कशाचा आहे ते समजून घेऊ.

मातीला रंग कशामुळे?

जांभ्याच्या मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. लोखंडावरचा गंजही याच जातीचा. त्याचे बारीक कण धाग्यांत अडकतात. ब्लीच हे डागातील रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण करून त्याचा रंग घालवते, म्हणून चहाचा डाग त्याने जातो. मातीतल्या लोहाचे ऑक्सिडीकरण आधीच झालेले असते. तेथे ब्लीचचा उपयोग होत नाही आणि कापड मात्र विरते.

कृती

१. ओला चिखल घासू नका. कण आणखी आत जातात. चिखल पूर्ण वाळू द्या. मग बूट एकमेकांवर आपटा आणि कोरड्या ब्रशने झटका. निम्मे काम येथेच होते.

२. नाड्या आणि सुखतळे काढून वेगळे धुवा.

३. अर्ध्या बादली कोमट पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर विरघळवा. जुना दातांचा ब्रश त्यात बुडवून घासा. बूट रात्रभर भिजत ठेवू नका, तळाचे सोल्युशन सुटते.

४. साबण धुऊन टाकल्यावर तांबूस छटा राहिली, तर तेवढ्या जागी लिंबाचा रस लावून १५ मिनिटे ठेवा. त्यातले सायट्रिक आम्ल लोहाला हळूहळू सोडवते. फिका डाग याने बराच कमी होतो.

५. फेस पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. उरलेला साबण वाळताना कडेला जमतो आणि तेथे पिवळी रेघ उमटते.

६. आत जुन्या सुती कापडाचे बोळे भरून बूट सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात रबर कडक होऊन तडकते.

ही कृती फक्त कॅनव्हाससाठी आहे. चामड्याचे बूट पाण्यात बुडवू नयेत.

सावधान!

ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. चुकून असे झालेच, तर तेथे न थांबता ताबडतोब मोकळ्या हवेत जा आणि मोठ्यांना सांगा.

पालक, शिक्षक व विश्वस्त यांना विनंती

नीट धुतलेल्या बुटावरही मातीची फिकट छटा राहते. तेवढ्यासाठी मुलाला रांगेबाहेर काढू नये आणि घरी नव्या जोडाचा खर्चही करू नये. बूट धुतलेला आहे की नाही, एवढेच पाहावे. बुटाच्या पांढरेपणासाठी मुलाने ब्लीचच्या बाटलीला हात लावावा, अशी वेळ आपण आणू नये.

स्वाध्याय

१. चहाचा डाग ब्लीचने जातो, तांबड्या मातीचा का जात नाही?
२. तांबड्या मातीने माखलेल्या जुन्या पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे घ्या. एकावरची माती ओली असताना व दुसऱ्यावरची वाळल्यावर झटकून धुवा. फरक वहीत लिहा.