खाडीतला मणी

आमच्या आगरदांड्याला ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात कालवे, शिंपले वेचताना कधी काचेचे तुकडेही हाताला लागतात. गेल्या वर्षी मला असाच एक निळा मणी मिळाला. रोमन व्यापाराचे प्रकरण नुकतेच शिकलो होतो. मणी रोमनच, अशी माझी खात्री! धावत सरांकडे गेलो. त्यांनी एकच विचारले, "कोणत्या थरात मिळाला?" मी निरुत्तर झालो. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून जन्मला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा दर्यावर्दीने ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपल्या किनाऱ्यावरील बंदरे येतात. त्यातील 'सेमुल्ला' म्हणजे चौल; 'मंदगोरा' म्हणजे आमच्या खाडीच्या आतले मांदाड, असे काही अभ्यासक मानतात. भडोचला उतरणाऱ्या मालात तेथे कच्च्या काचेचीही नोंद आहे. कच्ची काच मागवली जात होती, त्या अर्थी ती वितळवून घडवणारे हातही इकडे होते, हे उघड आहे.

मग मणी कोठला हे ओळखावे कसे? केवळ रंगावरून नाही. निळी काच दोन्हीकडे होत असे. पहिली खूण घडणीची. तापलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे केले, तर काचेतील बुडबुडे भोकाला समांतर लांबट दिसतात. सळईभोवती काच गुंडाळली, तर रेघा भोकाभोवती फिरतात. दुसरी खूण रसायनाची. रोमन काचेत वाळूबरोबर इजिप्तमधील नेट्रॉन हा क्षार असे. आपल्याकडील बऱ्याच प्राचीन काचेत ॲल्युमिना अधिक आढळते.

परंतु खरी गंमत पुढेच आहे. बाहेरून आलेली काच इथल्या भट्टीत वितळली, तर रसायन रोमन आणि हात आपला! अशा मण्याला रोमन म्हणायचे की आपला? कान्हेरीच्या एका लेखात सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराचे दान कोरलेले आहे. पुस्तकातल्या सम्राटांच्या नावांपेक्षा मला हे नाव जवळचे वाटते.

नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तेथील मण्यांना थर होता, शेजारी खापरे होती; म्हणून त्यांचा काळ सांगता आला. माझा मणी मात्र एकटा पडला. तो दोन हजार वर्षांचा असेल किंवा कोणाच्या पणजीच्या पोतीतला असेल.

आईने गळ्यातले काळे मणी चाचपत विचारले, "खरा हाय का रे?"

मी म्हटले, "मणी खरा आहे, आई. त्याची साक्ष मी पुसली."

मित्रहो, तुम्हाला कोठे मणी दिसला तर आधी त्याची जागा टिपा. मण्याचे अर्धे बोलणे मातीत असते.