खटका कोठे आहे?

तत्त्वज्ञानाच्या तासाला प्रत्यक्ष प्रमाणाचा विषय निघाला की भ्रमाची उदाहरणे हटकून दृष्टीचीच येतात. वात्स्यायनाच्या भाष्यातले मृगजळ, वेदान्त्यांचा दोरीवरचा साप, शिंपल्यातली चांदी, पाश्चात्त्यांची पाण्यात वाकडी दिसणारी काठी. सारा दोष डोळ्यांच्या माथी. आणि भ्रम दूर कसा करावयाचा? तर हात लावून पाहावयाचे. दोरी उचलावी, काठी चाचपावी. डोळ्यांनी दिलेल्या निकालावर अपील करावयाचे ते हाताच्या न्यायालयात, अशी जणू आपली समजूतच आहे. १७६३ साली डॉ. जॉन्सन यांनी बर्क्लीच्या मताचे खंडन केले तेही दगडाला लाथ मारून. म्हणजे तेथेही साक्षीला स्पर्शच.

स्पर्शाचे भ्रम पूर्वी कोणाला ठाऊकच नव्हते असे नाही. दोन बोटे एकमेकांवर चढवून त्यांच्या फटीत हरभऱ्याचा दाणा फिरवला तर दाणे दोन आहेत असे वाटते, हे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे. एक हात ऊन पाण्यात व दुसरा गार पाण्यात ठेवून मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात बुडवले तर तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला ऊन लागते, हे लॉकने सांगितले. परंतु या दोन्ही ठिकाणी हाताला आधी अवघड अवस्थेत घालावे लागते. निरोगी हात, सरळ बोट, रोजचे काम, आणि तरीही प्रत्येक वेळी चुकीची साक्ष, असे उदाहरण मला पुस्तकात सापडले नव्हते. ते एका यंत्रात सापडले. हे यंत्र मी उघडून पाहिले. त्याची हकीकत आणि त्यावरून आमच्या वर्गात माजलेला वाद येथे मांडत आहे.

माझ्या मामांनी आपला जुना संगणक मला दिला. त्याबरोबर एक बिनतारी ट्रॅकपॅडही आले. ॲपल कंपनीने २०१५ साली बाजारात आणलेले हे मॅजिक ट्रॅकपॅड, त्याची दुसरी आवृत्ती. दिसावयास अगदी शाळेतल्या पाटीसारखे, म्हणून यापुढे त्याला पाटीच म्हणतो. रुंदी १६ सेंटिमीटर, लांबी साडेअकराच्या आसपास, पुढची कड अर्धा सेंटिमीटरही जाड नाही, मागे थोडी उंची. वजन २३१ ग्रॅम. वर काच, खाली ॲल्युमिनियम. मामांकडे ती टेबलावरून खाली पडली होती, त्यामुळे एका कोपऱ्यापासून काच तडकलेली. काम मात्र चोख चालू होते.

अशा पाट्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवण्यासाठी प्रथम माऊस आला. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ च्या डिसेंबरात त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. नुसते बोट फिरवून तेच काम करणारे टचपॅड जॉर्ज गर्फाइडे यांनी १९८८ साली तयार केले, आणि १९९४ साली ॲपलने आपल्या पॉवरबुक संगणकात तसे पॅड बसवले. अनेक बोटांची भाषा ओळखणाऱ्या पाट्यांवर अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या वेन वेस्टरमन व जॉन एलियास यांनी काम केले. वेस्टरमन यांचे हात टंकलेखनाने दुखत असत. बोटाला जोर लावावाच लागू नये असे साधन त्यांना हवे होते. त्यांची कंपनी ॲपलने २००५ साली विकत घेतली. आता मौज पाहा: जोर लागू नये म्हणून सुरू झालेल्या या कामातून पुढे जोर मोजणारी पाटी निघाली!

बोट फिरवणे झाले, पण ‘हे घे’ असे संगणकाला सांगावयाचे कसे? त्यासाठी खटका हवा. याच पाटीच्या २०१० सालच्या पहिल्या आवृत्तीत खटका खराखुरा होता. मागे एक नळी, तिच्यात टॉर्चला घालतो तसे दोन पेन्सिल सेल, आणि पुढच्या बाजूस खाली रबराचे दोन पाय. पाटी दाबली की ती त्या पायांवर टेकून किंचित कलत असे आणि आतला खटका वाजत असे. गादीवर किंवा मांडीवर ठेवली तर पायांना टेका मिळत नसे आणि खटकाही नीट लागत नसे. साधा, प्रामाणिक मामला.

दुसऱ्या आवृत्तीत खाली तसले पाय नाहीत. तरीही दाबल्यावर ‘टक्’ होते आणि बोट खाली गेल्याचे स्वच्छ कळते.

आमच्या वर्गातील एक मित्र जन्मांध आहे. ब्रेल वाचतो, नाणी बोटांनी ओळखतो, फोन आवाजावर चालवतो. उघडण्यापूर्वी पाटी मी त्याच्या हाती दिली. त्याने कडेपासून कडेपर्यंत बोट फिरवले, चार ठिकाणी दाबून पाहिले व म्हणाला, “अरे, ही सगळीच्या सगळी एक बटण आहे. तांदळाच्या दाण्याएवढी खाली जाते बघ.” मी काही न बोलता पाटीच्या मागचा स्विच बंद केला आणि पुन्हा दाबावयास सांगितले. त्याने दाबले. जोर करून दाबले. पाटी दगडासारखी निश्चल. “आता अडकली. खाली काही घातलंस का?” त्याने स्वतःच पाटी उचलून खालून चाचपली. काही नव्हते. स्विच चालू केला. पुन्हा ‘टक्’, पुन्हा तांदळाचा दाणा.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुम्हाला मृगजळ लहानपणापासून ठाऊक असतं. म्हणून तुम्ही डोळ्यांवर बेताचाच विश्वास ठेवता. मी हातावर पुरा ठेवतो. हे आधी उघड.”

उघडणे सोपे नव्हते. पाटीला एकही स्क्रू दिसत नाही. काच चिकटवलेली असते. आमच्या गावच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात फोनची फुटलेली काच तापवून काढतात, तेथे हॉट एअर गनची सोय झाली. कड बेताने तापवावयाची, प्लॅस्टिकची पातळ पट्टी आत सरकवावयाची, पुन्हा तापवावयाचे. लोखंडी पाते वापरू नये, कारण आत लिथियमची चपटी बॅटरी असते आणि तिला भोक पडले तर ती पेट घेते. दुकानदाराने ही गोष्ट मला तीनदा बजावली. तडकलेल्या काचेचे कण उडतात म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. पाऊण तासाने काच सुटली.

आत काय होते? बॅटरी, बोटाच्या नखाहूनही लहान काही चिप्स, त्यांना जोडणाऱ्या कागदासारख्या पातळ पट्ट्या. काचेच्या पाठीला चिकटलेला एक पातळ थर; त्यात विद्युत्‌वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. बोट हे पाणी व क्षार यांनी भरलेले, म्हणून विजेला जवळचे. ते काचेवर आले की जाळीच्या त्या ठिकाणचा विद्युत्‌भार किंचित बदलतो आणि किती बोटे कोठे आहेत हे समजते. कोरडी पेन्सिल फिरवली तर पाटीला पत्ता लागत नाही. इथपर्यंत नवल नाही. हल्लीच्या प्रत्येक फोनमध्ये हेच असते.

नवल कोपऱ्यांत होते. चार कोपऱ्यांजवळ दाब मोजणारे चार मापक. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर हे चालतात. धातूची पातळ पट्टी ताणली गेली की तिचा विजेला होणारा विरोध किंचित वाढतो, आणि तो फरक मोजला की किती भार पडला ते कळते. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूग यांनी १९३८ च्या सुमारास एकमेकांस ठाऊक नसता हे मापक शोधून काढले. तेव्हा पाटीला बोटाचा जोर कळतो तो वाण्याला साखर कळते तसाच. पट्टी वाकते, पण डोळ्याला किंवा बोटाला समजण्याइतकी नव्हे.

आणि मधल्या भागात तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे विद्युत्‌चुंबक. ठरलेला जोर पडला की वेटोळ्यांतून क्षणभर वीज जाते, चुंबक धातूच्या पट्टीला ओढतो व सोडतो आणि काचेला एक बारीक हिसका बसतो. हिसका बसतो तो आडवा! खाली नव्हे, बाजूला. बोटाला मात्र वाटते की आपण खाली गेलो. ‘टक्’ हा आवाजही त्याच हिसक्याचा. संगणकाला सांगून हा खटका हलका, मध्यम किंवा कडक करता येतो. आणखी जोराने दाबले तर पहिल्या खटक्याच्या खाली दुसरा खटका लागतो, जणू बटणाला तळघर आहे. खऱ्या स्प्रिंगची अशी मनधरणी कोणी केली आहे काय?

वेटोळ्यांवरून मित्राने बोट फिरवले, पट्ट्या मोजल्या आणि विचारले, “मग खटका कोठे आहे?”

येथून वाद सुरू झाला, आणि तो वेळापत्रकातील दोन तास पुरला.

प्रथम हे मान्य झाले की हात सर्वस्वी खोटे बोलला नाही. बोटाने जोर लावला हे खरे. काचेने हिसका दिला हे खरे. खोटे आहे ते एवढेच, की ‘पृष्ठभाग खाली गेला’. मग ही चूक शिरली कोठून? नैयायिकांच्या अन्यथाख्यातीने पाहिले तर उत्तर सुबक मिळते. जन्मभर आपण खरी बटणे दाबली: दिव्याची, घंटेची, रेडिओची. तेथे अनुभवलेले ‘खाली जाणे’ स्मृतीच्या वाटेने येथे येते आणि समोरच्या हिसक्यावर चढते. शिंपल्यावर चांदी चढते तसे. प्राभाकर मीमांसकांची अख्याती त्याहून काटकसरीची. ते म्हणतील, भ्रम असा काही नाहीच. हिसक्याचे प्रत्यक्ष खरे, खाली जाण्याची स्मृतीही खरी, फक्त दोहोंतला भेद ध्यानात आला नाही. मला हे मत आवडले आणि मी ते वर्गात हिरिरीने मांडले.

आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला: “भेद ध्यानात आल्यावर दोरीवरचा साप जातो. तुझी पाटी उघडून, भेद उमगल्यावर, खटका गेला का?”

गेला नाही. मामांकडे याच जातीची नवी पाटी आहे, ती मी नंतर मुद्दाम दाबून पाहिली. वेटोळी कोठे आहेत, हिसका कोणत्या दिशेला आहे, सारे मनात स्वच्छ असतानाही बोट खालीच जाते. मित्राचेही तसेच झाले, आणि त्याने तर वेटोळी स्वतःच्या बोटांनी वाचली होती. तेव्हा ही चूक दोरीच्या सापासारखी नाही, मृगजळासारखी आहे: पाणी नाही हे कळले तरी दिसत राहणारी. मग ती केवळ आठवणीची भेसळ असू शकेल काय?

याविषयी वाचताना दोन प्रयोग हाती लागले. मार्गारेट मिन्स्की यांनी १९९५ साली एम. आय. टी.मधील आपल्या प्रबंधात दाखवले, की हातात धरलेल्या दांडीला यंत्राने नुसते आडवे धक्के दिले तरी माणसाला खरखरीत पृष्ठभाग जाणवतो. खाच वा उंचवटा प्रत्यक्षात नसतोच. पुढे २००१ साली गाब्रिएल रोब्लेस-दे-ला-तोरे व व्हिन्सेंट हेवर्ड यांचा प्रयोग ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी बोट खऱ्या उंचवट्यावरून जाऊ दिले, पण आडवे बल असे लावले की जसे खड्ड्यात लागते. लोकांना खड्डा जाणवला! बोट प्रत्यक्षात वर चढत असताना.

माझ्या मते याने अख्यातीची अडचण वाढते. बोटाला आकार कळतो तो मुळात बोट किती वर-खाली झाले यावरूनच नव्हे, तर त्याला आडवा अडथळा कसा झाला यावरूनही. ‘खाली’ हे आठवणीने मागाहून चिकटवलेले नाव नसून त्या संवेदनेच्या घडणीतच ते आहे, असे म्हणावे लागते. नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर निर्विकल्प प्रत्यक्षातच येथे पेच आहे. आणि निर्विकल्पाला तर खरे-खोटे लागूच होत नाही असे बहुतेक नैयायिक मानतात. सरांना माझे हे म्हणणे पुरते पटलेले नाही. त्यांच्या मते ‘खाली’ म्हटले की विकल्प आलाच. शब्द आला तेथे निर्विकल्प संपले. मी अजून उत्तर शोधतो आहे.

मित्राचे म्हणणे आणखी निराळे होते आणि ते मला या साऱ्या वादाहून जड वाटते. तो म्हणाला, “आधी रेडिओला बटणं होती, फोनला बटणं होती. मग सगळीकडे गुळगुळीत काच आली आणि माझ्या बोटांना वाचायला काही उरलं नाही. ही पाटी खोटं बोलते खरी. पण ‘लागलं’ हे ती खरंच लागल्यावरच सांगते ना? मग मला ते खोटं चालेल. फक्त लागलं नसताना ‘टक्’ करायला हिला कोणी शिकवू नये.” शिकवता येईल का, असे त्याने विचारले. वेटोळ्यांना वीज कधी सोडावयाची हे चिपमधला लिहिलेला कार्यक्रम ठरवतो. तेव्हा येईल, असे मी सांगितले. तो म्हणाला, “मग हिच्यावर डोळ्यांइतकाच विश्वास.”

सुटे केलेले भाग विभागातील काचेच्या कपाटात एका डब्यात ठेवले आहेत. दाब-मापकाच्या पट्ट्या व वेटोळी हाताळावयास हरकत नाही. काचेचा तुकडा मात्र धारदार आहे. बॅटरी डब्यात नाही, ती इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली.