मोळीचा खांदा, ट्रामाडॉलची गोळी

प्रश्न : ऊसतोडीवरून आल्यापासून उजवा खांदा ठणकतो, हात वर जात नाही. ट्रामाडॉलशिवाय झोप नाही. काय करू? – एक वाचक, युसूफ वडगाव (ता. केज)

उत्तर : ट्रामाडॉल अफूच्या जातीचं. २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. ते दुखणं दडवतं, फाटलेला स्नायुबंध सांधत नाही. मात्र रोजची गोळी एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात अस्थिरोग विभागात खांदा दाखवा. तोवर पॅरासिटामॉल आणि शेक. डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका; उन्हात, कमी पाण्यावर राबणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला ते बाधतं. हात गळ्यात अडकवून ठेवलात तर खांदा आखडेल. पुढे वाकून हात लोंबता सोडा, हलके झुलवा. फरक पडायला महिना-दोन महिने लागतात. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल तेवढं थांबत नाही, ठाऊक आहे. तरी मोळी सध्या दुसऱ्याला उचलू द्या.